मराठी राज्य फाटकाच्या आत कधी येणार?

(१ मे रोजी ओवे, ता. पनवेल येथील कामगार-शेतकरी सभेत रोलिंग मिलमधील एका कामगाराने केलेले भाषण)



मला बोलायची सवय आहे ती गेटवर. तिथं दहा मिनिटं मिळतात. एक पाळी सुटते, दुसरी लागते, त्या मधल्या वेळात जे सांगायचं ते सांगायचं. आज मंडळी म्हणाली, अर्धा तास बोल, कामगार कार्यकर्त्याचं आयुष्य काय असतं ते सांग. अर्धा तास बोलण्याइतकं माझं शिक्षण नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी पास झालो आणि दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. आज वय छत्तीस. त्यातली अठरा वर्षे लोखंडाच्या गिरणीत, भट्टीपुढे गेली, आणि बारा वर्षे युनियनच्या कामात. तेव्हा जे पाहिलं, जे चुकलो आणि जे त्यातून शिकलो, तेवढंच सांगतो.

एका दिवसाचे दोन सण

आज १ मे. जगातल्या कामगारांचा दिवस, आणि १९६० सालापासून आपल्या राज्याचाही दिवस. सकाळी सरकारी झेंडावंदन होते, संध्याकाळी कामगारांच्या सभा होतात. जणू हे दोन सण वेगळे आणि साजरे करणारेही वेगळे!

पण मुंबईला हुतात्मा चौकात जाऊन बघा. तिथल्या स्मारकावर मशाल धरून कोण उभे आहेत? शेतकरी आणि कामगार. तिथं राजा नाही, मंत्री नाही, शेटजी तर नाहीच. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळ्या झाडल्या गेल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या लढ्यात १०६ हुतात्मे झाले आणि त्यांत हातावर पोट असलेली माणसं होती. त्यांना मराठी राज्य कशासाठी हवं होतं? नुसता नकाशा रंगवायला? नाही! कचेरीत गेल्यावर आपल्या भाषेत बोलता यावं, कायदा आपल्याला कळावा, आपल्या घामाचा हिशेब आपल्याला वाचता यावा, यासाठी गरिबाला आपलं राज्य हवं असतं.

ते राज्य आलं. मंत्रालयात आलं, तहसील कचेरीत आलं, शाळेत आलं. पण मी तुम्हाला विचारतो, ते गिरणीच्या फाटकाच्या आत आलं का? याचं उत्तर माझ्याच अनुभवातून देणार आहे. पण आधी ज्यांनी ही वाट पाडली त्यांची आठवण करू.

रविवार कोणी दिला?

आठवड्याची सुट्टी ही काही मालकाच्या दयेने मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे अनुयायी, सत्यशोधक. गिरणीत नोकरी केलेला हा माणूस पुढे 'दीनबंधु' पत्र चालवू लागला. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला. आजच्या मोबाईलवरच्या सह्या नव्हेत बरं! दिवस उगवण्यापासून मावळेपर्यंत गिरणी चालायची. अशा थकल्या माणसाला गाठायचं, समजवायचं, सही नाहीतर अंगठा घ्यायचा. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली.

याच लोखंड्यांनी विधवांचं केशवपन करणार नाही असा निर्धार नाभिक बांधवांकडून करवून घेतला. कुणी म्हणेल, कामगार पुढाऱ्याला विधवांचं काय पडलं होतं? मी म्हणतो, तीच तर त्यांची थोरवी. जो बाहेर ढकललेला आहे त्याला आत घेणं हेच कार्यकर्त्याचं काम, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. १८९७ च्या प्लेगात ते गेले.

फट कुठे पडते

पुढं १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला. त्यातूनच गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तिचे अध्यक्ष होते अर्जुन आत्माराम आळवे. मोठे बॅरिस्टर नव्हेत, गिरणीतच राबलेला गडी. खात्याखात्यांत, गिरणीगिरणींत कामगारांच्या कमिट्या झाल्या. कामगारच वर्गणी गोळा करी, कामगारच तक्रार लिहून घेई.

पण त्याच वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी एक सवाल टाकला, आणि तो सवाल मालकाला जितका होता तितकाच आपल्या लोकांनाही होता. विणकाम खात्यात मजुरी जास्त. तिथं अस्पृश्य कामगाराला का घेत नाही? कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि तिथं विटाळ होतो! उपाशी राहायला बरोबर, संपात बरोबर, पण पगाराच्या खात्यात नको. बाबासाहेबांनी विचारलं ते बरोबरच होतं.

त्यानंतर फेब्रुवारी १९२९ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली. मार्चमध्ये आळवे, डांगे आणि इतर पुढारी मीरत खटल्यात पकडले गेले. त्या साली पुन्हा संप झाला, तो हरला. एवढी मोठी युनियन, पण जात आणि धर्म या दोन फटींतून पाणी आत शिरलं.

ही फट बुजवली तेव्हा काय झालं तेही बघा. ७ नोव्हेंबर १९३८ ला कामगारांचे हात बांधणाऱ्या बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. त्या दिवशी बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावट्याचे कम्युनिस्ट बरोबरीने उतरले. पुढं ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. त्यात समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, सगळे एका सतरंजीवर बसले. आणि या लढ्याचा आवाज गावोगाव कोणी नेला? वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि शाहीर गव्हाणकर यांनी. अमर शेखांची जात-धर्म विचारून कुणी टाळी राखून ठेवली का? मराठी राज्य आलं ते असं.

आणि फट राहिली तर काय होतं? १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. घरातली भांडी विकली, लेकरं गावी धाडली, पण कामगार हटला नाही. तरी तो हरला. एक कारण म्हणजे १९४६ चा कायदा. कामगारांनी निवडलेल्या पुढाऱ्याला वाटाघाटीच्या टेबलावर खुर्चीच नव्हती. दुसरं कारण म्हणजे गिरण्या बंद असल्या तरी कापड बंद झालं नव्हतं. भिवंडीच्या यंत्रमागांवर ते निघत होतं. तिथं राबणारा कामगारही आपल्यासारखाच गरीब, पण तो संघटनेच्या बाहेर होता. त्या संपातल्या म्हाताऱ्यांच्या नावाने आपल्या शेजारी कोनला घरांची सोडत निघाली ती २०१६ साली. चौतीस वर्षांनी!

आपल्या जिल्ह्याची शिकवण

लांब कशाला जायचं? आपल्याच जिल्ह्यात अलिबागजवळ चरी गाव आहे. १९३३ ते १९३९, सहा वर्षे तिथल्या आणि आजूबाजूच्या कुळांनी खोतांच्या जमिनीत नांगर घातला नाही. पुढारी नारायण नागू पाटील. लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण खोतापुढे वाकले नाहीत. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तो संप टिकला, कारण एकाने सोडलेली जमीन शेजारच्याने कसायला घेतली नाही. इतकं साधं आणि इतकं कठीण.

आणि जासईचे दि. बा. पाटील. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले कार्यकर्ते, १९५७ पासून पनवेलचे आमदार, शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी. १९७० साली सिडको झाली, नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. तेव्हा दि. बा. जमीनवाल्यांच्या पुढं उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जणांचे प्राण गेले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क निघाला. २०१३ साली दि. बा. गेले. त्यांच्या नावासाठी आपण रस्त्यावर उतरलो, ते योग्यच केलं. पण नावाबरोबर त्यांचं कामही घ्या. ते काम म्हणजे कागद वाचणं. कुठल्या कलमाखाली जमीन जाते, किती भावाने जाते, नोटिशीत काय लिहिलंय, हे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत समजावून सांगणं.

माझी चूक

आता माझं सांगतो. आमच्या घरची भातशेती नव्या शहरात गेली. बाप मजुरीला लागला, मी गिरणीत. सुरुवातीला ठेक्यावर होतो, पुढं कायम झालो. कायम झालो आणि मागचं विसरलो, हे आज कबूल करतो.

युनियन झाली. अक्षर बरं म्हणून मला चिटणीस केलं. पहिलं मागणीपत्र दिलं तेव्हा ठेक्यावरचे काही जण माझ्याकडे आले. कुणी बलियाचे, कुणी बिहारचे, दोघे-तिघे आपले नांदेड-परभणीचे. म्हणाले, "आमची पण नावं लिहा." मी म्हटलं, "तुमचं तुम्ही ठेकेदाराशी बघा." माझ्याजवळ पावतीबुक होतं, पेन होतं. लिहायला किती वेळ लागला असता? पण लिहिलं नाही.

पुढं एकोणीस दिवसांचा संप झाला. भट्टी मात्र विझली नाही. ज्यांची नावं मी लिहिली नव्हती, तेच मागच्या दाराने आत गेले. आम्ही गेटवर त्यांना शिव्या दिल्या. "हे परके आले आणि आमचं वाटोळं केलं," असं मीच ओरडलो. विसाव्या दिवशी करारावर सही झाली. करार इंग्रजीत होता, बावीस पानं. मला दोन हजाराची वाढ दिसली, आकडा तेवढा वाचता आला. वर माझं नाव होतं, खाली रेघ होती. मी सही केली. मराठी राज्यात, मराठी माणसाने, मराठी कामगारांच्या वतीने, न वाचता!

आठ महिन्यांनी रात्रपाळीला तापलेली सळी रुळांतून सुटली. ती सुटली की सापासारखी उसळते, कुठं वळेल सांगता येत नाही. चिमट्यावर बलियाकडचा एक भाऊ होता, त्याचा उजवा हात भाजला. हातमोजे फाटलेले होते, हे मला आठवडाभर माहीत होतं. दवाखान्यात नेलं तर ईएसआयचं कार्ड नाही. ठेकेदार म्हणाला, हा माणूस माझा नाहीच, हजेरीपटावर नाव दाखवा. तो सहा वर्षे आमच्याबरोबर काम करीत होता, पण कागदावर तो नव्हताच!

मी तावातावाने साहेबांच्या खोलीत गेलो. साहेबांनी शांतपणे कपाटातून आमचा करार काढला, एका कलमावर बोट ठेवलं आणि ते मराठीत सांगितलं. कराराची मुदत संपेपर्यंत युनियन ठेक्यावरच्या कामगारांचा कुठलाही प्रश्न उपस्थित करणार नाही. खाली माझी सही.

बंधूंनो, त्या दिवशी मला कळलं की मालकाला माणूस विकत घ्यावा लागत नाही. त्याला न कळणाऱ्या भाषेत कागद पुढं केला की काम होतं.

वही

त्या रात्री मी त्या भावाच्या खोलीवर गेलो. एका खोलीत आठजण. माफी मागायची होती, तोंडातून शब्द फुटेना. तोच मोडक्या मराठीत म्हणाला, "भाऊ, नाव लिहिलं असतं तर बरं झालं असतं." एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून दोनशे पानी वही घेतली. रोज पाळी सुटली की ठेक्यावरच्या प्रत्येकाचं नाव, खातं, पाळी, किती तास काम केलं, ओव्हरटाईम किती, पगार हातात किती पडला, हे लिहायला लागलो. खाली त्याची सही किंवा अंगठा. पहिल्या महिन्यात तिघेच आले, बाकीचे घाबरले. मग रात्रपाळीचे आले, मग पॅकिंगच्या बाया आल्या. घरची म्हणायची, "पोरांचा अभ्यास घ्यायचा सोडून कसल्या लष्करच्या भाकऱ्या भाजताय?" तिचंही खोटं नव्हतं. पुढं तीच पॅकिंगच्या बायांची नावं लिहायला लागली, कारण बाया माझ्याशी मोकळं बोलत नसत.

अकरा महिन्यांनी त्या वह्या कामगार खात्याच्या कचेरीत टेबलावर ठेवल्या. ठेकेदाराने पगार किंवा त्यातला भाग बुडवला तर मुख्य मालकाने तो भरून द्यायचा, अशी तरतूद १९७० च्या ठेका कामगार कायद्यात होती. नव्या संहितेतही ती आहे. पण माणूस तिथं काम करीत होता हे आधी शाबीत व्हावं लागतं. ते माझ्या चौथीच्या अक्षराने शाबीत झालं. ईएसआयचे नंबर आले, नावाच्या पगारचिठ्ठ्या आल्या. त्या भावाला भरपाई मिळायला दोन वर्षे गेली. बोटं काही परत आली नाहीत. म्हणून मी याला विजय म्हणत नाही. उशिरा फेडलेलं कर्ज म्हणतो.

पुढचा करार झाला तेव्हा आम्ही अट घातली: मसुदा मराठीत पाहिजे, आणि सहीच्या आधी तो गेटवर दोन्ही पाळ्यांना मोठ्याने वाचला जाईल. साहेब म्हणाले, "एवढा वेळ कशाला?" आम्ही म्हटलं, "गेल्या वेळी वेळ वाचवला होता. तो फार महाग पडला."

भाषा ही काठी नव्हे

आता एक कडू गोष्ट. आपल्या गावातली काही तरुण पोरं मला म्हणतात, "दादा, या परप्रांतीयांना हाकला, मग मराठी माणसाला काम मिळेल." त्यांचा राग मला कळतो. जमीन आपली गेली, शहर आपल्या छातीवर उभं राहिलं, आणि आपला पोरगा बारावी होऊन ठेक्यावर रखवालदार. राग येणारच! स्थानिकाला नोकरी मिळालीच पाहिजे, ती मी ठासून मागतो.

पण मागायची कोणाकडे? ती देणार मालक आहे. बलियाचा भाऊ नोकरी देत नाही, तोही तीच मागायला आला आहे. त्याला हाकलला तर मालक त्याच्या जागी कायम मराठी माणूस घेईल असं वाटतं का? तो त्याहून गरीब, त्याहून लांबचा माणूस आणील. जोवर ठेक्यावरचा गडी स्वस्त आहे, तोवर तुमच्या पोराला महाग मजुरी कोण देणार? त्याची मजुरी वाढली तरच आपल्या पोराला दार उघडेल.

आणि मराठीचं म्हणाल तर त्याला मराठी आम्ही शिकवली. शिवीने नव्हे, वहीने. सही करायला शिकला तो मराठीत शिकला. आज गेटसभेत तोच उठून विचारतो, "कलम सात पुन्हा वाचा." मराठीची याहून मोठी शान कोणती?

पुढची लढाई

हे आज सांगायचं कारण आहे. २९ जुने कामगार कायदे मोडून ४ संहिता केल्या, त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. संपाआधी किमान १४ दिवसांची नोटीस आता सगळ्याच कारखान्यांत द्यावी लागते. अनेक युनियन असतील तर हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार ज्या युनियनच्या बाजूला, तिलाच एकटीने वाटाघाटीचा हक्क. आता हिशेब करा. हजेरीपट कोणाचा? कंपनीचा. ठेक्यावरचे कोणाच्या पटावर? ठेकेदाराच्या. म्हणजे गिरणी चालवणारे निम्म्याहून जास्त हात मोजणीतच नाहीत! उद्या आपण ५१ टक्के मिळवले तरी भट्टी पेटती ठेवायला माणसं बाहेर तयारच असतील. १९८२ ची ती भिवंडी आता प्रत्येक फाटकाच्या आत आहे.

म्हणून या सभेपुढं तीन गोष्टी मांडतो. एक, प्रत्येक कारखान्यात वही ठेवा आणि ठेक्यावरच्या प्रत्येकाचं नाव तीत लिहा, मग तो कुठल्याही जातीचा, गावचा, भाषेचा असो. दोन, करार, पगारचिठ्ठी, नोटीस आणि धोक्याच्या पाट्या मराठीत मागा, आणि मोठ्याने वाचल्याशिवाय सही करू नका. तीन, ओवे गावातल्या शिकल्या पोरापोरींनी आठवड्यातला एक तास आम्हाला द्यावा. आम्हाला भाषण नको, कागद वाचून दाखवणारं माणूस हवं आहे.

कार्यकर्त्याचं आयुष्य काय असतं असं तुम्ही विचारलं होतं. नाव लिहायचं, कागद वाचायचा, वर्गणी घ्यायची, पावती द्यायची, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच दारात जायचं. फोटो निघत नाही, हार पडत नाही. पण लोखंड्यांचा रविवार, चरीची जमीन आणि आपलं राज्य याच कामातून मिळालं.

माझं पावतीबुक आणि वही इथं टेबलावर आहे. पहिल्यांदा ज्यांची नावं लिहिली नाहीत त्यांतले चौघे आज या सभेत मागे उभे आहेत. त्यांनी पुढं यावं, सतरंजीवर जागा आहे.

कामगार-शेतकरी एकजुटीचा विजय असो! संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे अमर रहेत!